माळावरचे बिऱ्हाड

निपाणीच्या तंबाखूच्या रानातून पूर्वेस चिकोडी-हुक्केरीकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत उघडे माळ आणि खडकाळ टेकड्या लागतात. उन्हाळ्यात तेथे हिरवे पान दिसणे कठीण. असल्या रुक्ष जागी पाखरे कशाला राहतील, असे कोणासही वाटावे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

या रुक्षतेचे मूळ सह्याद्रीत आहे. समुद्रावरून येणारे ढग घाटमाथा चढताना थंड होतात व आपला बहुतेक भार तेथेच रिता करतात. खानापूर तालुक्यातील कणकुंबीस वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. बेळगावात तो सुमारे १,३०० वर येतो आणि गोकाकच्या बाजूस जेमतेम ५५० उरतो. जसा पाऊस, तशी पाखरांची घरे. भीमगडच्या अरण्यात धनेश उंच वृक्षाच्या ढोलीत अंडी घालतो. गोकाकच्या कड्यांत पारवे घुमतात. जेथे झाड नाही आणि कडाही नाही, त्या माळावर पक्षी भुईवरच संसार थाटतो.

टिटवी, धाविक, चंडोल आणि पखुर्डी हे या माळाचे रहिवासी. टिटवीचे घरटे म्हणजे खड्यांमधील एक उथळ खळगा. तिची ठिपकेदार अंडी मातीशी अशी एकरूप होतात, की पाऊल पडेपर्यंत ती दिसत नाहीत. भर उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते व अंड्यांना गारवा देते. पखुर्डीच्या नराची तऱ्हा तर याहून नवलाची. त्याच्या पोटावरील पिसे टिपकागदाप्रमाणे पाणी शोषून घेतात. दूरच्या पाणवठ्यावरून तो असा भिजून परततो आणि तहानेली पिले ती पिसे चोचीने चोखतात. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातही पखुर्डीच्या जातभाईंची हीच रीत आहे.

हिवाळ्यात या माळावर परदेशचे पाहुणे उतरतात. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून भोवत्या हा शिकारी पक्षी येतो. दिवसभर टोळ व उंदीर टिपतो आणि रात्री गवतातच जमिनीवर विसावतो. मध्य आशियातील कांड्या करकोचे घटप्रभेवरील धुपदाळच्या जलाशयाशी मुक्काम करतात व दाणे टिपण्यास भोवतालच्या शिवारांत जातात. त्या परिसरास १९७४ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

पाण्याला असे संरक्षण लाभले; माळाच्या वाट्याला मात्र ते क्वचितच येते. सरकारी दप्तरात झुडपी माळाची गणना बहुधा पडीक जमिनीत होते. मग कोठे खाणी निघतात, कोठे नांगर फिरून ऊस उभा राहतो, तर कोठे चांगल्या हेतूने झाडेही लावली जातात. परंतु दाट लागवड झाली, की भुईवर घरटे करणाऱ्या पाखरास सभोवार दृष्टी टाकता येत नाही. शत्रू जवळ येईतो त्याला कळत नाही. धनेशाला जसे झाड, तसा टिटवीला उघडा माळ. वृक्षतोडीने एकाचे घर मोडते, अस्थानी वृक्षारोपणाने दुसऱ्याचे.

म्हणून कुदळ मारण्यापूर्वी चैत्र-वैशाखात माळावरून एकदा सावकाश फिरून यावे. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर समजावे, ती जागा पडीक नव्हे. तेथे कोणाचे तरी बिऱ्हाड आहे.