शून्य क्रमांकाचा वापरकर्ता

घरच्या नॅसवर, म्हणजे राउटरला जोडून कपाटावर ठेवलेल्या त्या लहानशा साठवण-यंत्रावर, प्रत्येकाचे एक फोल्डर असते. संगणकावरून पाहिले की ‘आई’, ‘बाबा’, ‘अ‍ॅडमिन’ अशी नावे दिसतात. पण आतल्या हार्ड डिस्कवर कुठल्याही फाइलचा मालक नावाने नोंदलेला नसतो. तिथे एक आकडा असतो. तैवानच्या सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये मूळ अ‍ॅडमिनचा आकडा १०२४, पाहुण्याचा १०२५, आणि घरातली माणसे १०२६ पासून पुढे. कोणते फोल्डर कोणाला उघडेल आणि कोणाला ‘परवानगी नाही’ अशी पाटी दिसेल, याचा निवाडा या आकड्यांवरून होतो.

ही व्यवस्था घरगुती यंत्रांसाठी कोणी नव्याने बांधलेली नाही. बहुतेक नॅसच्या पोटात लिनक्स चालते आणि लिनक्सने ती यूनिक्सकडून घेतली. यूनिक्सची सुरुवात केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केली. प्रत्येक फाइलपाशी नऊ बिटे: वाचणे, लिहिणे, चालवणे या तीन परवानग्या मालकाला, त्याच्या गटाला आणि इतरांना. नऊ वेळा हो किंवा नाही. मोठमोठे सर्व्हर आणि कपाटावरची डबी, दोन्हींचा कारभार मुळात या नऊ उत्तरांवर चालतो. नंतर त्यावर अधिक बारीक नियमांच्या याद्या चढल्या, तरी पाया तोच राहिला.

या सगळ्यात एक आकडा वेगळा आहे: शून्य. ज्याचा क्रमांक शून्य, तो ‘रूट’. वाचायला-लिहायला त्याने हात घातला, तर ती बिटे त्याला अडवत नाहीत.

इथे घरोघरी एक गैरसमज असतो. नॅस पहिल्यांदा सुरू करताना आपण जे अ‍ॅडमिन खाते उघडतो, ते रूट नव्हे. अ‍ॅडमिन हा एका गटाचा सभासद. सिनॉलॉजीत त्या गटाचा क्रमांक १०१. खाती उघडणे, पासवर्ड बदलून देणे, परवानग्या वाटणे हे अधिकार त्याच्याकडे असतात. रूट मात्र माणसासाठी नसून यंत्राच्या स्वतःच्या कामांसाठी असतो. म्हणूनच नेहमीच्या खिडकीतून अ‍ॅडमिनलाही काही फोल्डर दिसतच नाहीत. बसवलेली अ‍ॅप जिथे राहतात ते, किंवा फोटोंची छोटी चित्रे साठवणारे, असे ‘@’ चिन्हाने सुरू होणारे फोल्डर त्यांतले.

तिथपर्यंत पोचायची वाट उघड आहे. नियंत्रण पॅनेलमध्ये टर्मिनलच्या पानावर एसएसएच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून लिखित आज्ञा देऊ देणारी सेवा, चालू करायची, संगणकावरून अ‍ॅडमिन म्हणून आत शिरायचे आणि ‘सुडो’ची आज्ञा द्यायची. यंत्र पुन्हा पासवर्ड मागते. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडला की काय असे वाटते. मग एंटर दाबले की ओळीच्या टोकाला असलेले डॉलरचे चिन्ह जाते आणि तिथे ‘#’ येते. बदलते ते एवढेच एक चिन्ह, आणि त्याचा अर्थ असा की आता तुम्ही शून्य आहात. यापुढे चुकीच्या आज्ञेला ‘नक्की ना?’ असे विचारणारे बहुधा कोणी नसते. काम झाले की बाहेर पडावे आणि ती सेवा बंद करावी, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगेन.

‘सुडो’ हा प्रोग्राम १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिला. सगळ्यांना रूटचा पासवर्ड वाटण्याऐवजी प्रत्येकाने स्वतःचा पासवर्ड देऊन नेमक्या कामापुरता अधिकार घ्यावा, हा त्यामागचा विचार. तो शक्य झाला डेनिस रिची यांच्या एका आधीच्या कल्पनेमुळे. साध्या माणसाने चालवला तरी प्रोग्राम आपल्या मालकाच्या अधिकाराने चालावा, अशी खूण करणारे एक जादा बिट त्यांनी योजले. त्याचे अमेरिकन पेटंट १९७९ मध्ये मिळाले. एका बिटाचे पेटंट! आणि त्याचा उपयोग आजही रोज होतो आहे.

पण घरातले बहुतेक लोक टर्मिनल उघडत नाहीत. ते विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून नॅसकडे जातात. विंडोजची बोली वेगळी, लिनक्सची वेगळी. मधला दुभाषी ‘सांबा’. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस त्याला हात घातला. त्या बोलीची पुरेशी कागदपत्रे हाताशी नसताना, दोन यंत्रांमध्ये तारेवरून काय जाते-येते ते टिपून त्यांनी तिचे नियम उलगडले. पुढे युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालवलेल्या खटल्याचा निकाल लागल्यावर, २००७ च्या डिसेंबरमध्ये, दहा हजार युरो मोजून अधिकृत कागदपत्रे सांबाच्या चमूपर्यंत पोचली. तोवर ऐकून-ऐकून लिहिलेले हे सॉफ्टवेअर जगभर चालत होते. मला यातली चिकाटी कुठल्याही गिर्यारोहणाइतकी मोठी वाटते.

अ‍ॅडमिनचे फोल्डर विंडोजवरून उघडत नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा याच बोलीत असते. समजा, संगणक सकाळीच ‘आई’ या नावाने नॅसला जोडला गेला आहे. आता अ‍ॅडमिनचे नाव आणि अगदी बरोबर पासवर्ड टाकला, तरी विंडोज नकार देते: त्रुटी क्रमांक १२१९. एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन नावांनी जोडलेले त्याला चालत नाही. दोष पासवर्डचा नसतो, परवानगीचाही नसतो. आधीची जोडणी तोडली की दार उघडते. किंवा नॅसच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता टाकावा: विंडोज तो दुसराच सर्व्हर समजते आणि मुकाट आत सोडते. नॅस तेच, तार तीच.

लिनक्स आणि मॅकवर चालणाऱ्या, नेटवर्कवरून फाइली उघडण्याच्या एनएफएस पद्धतीत वेगळीच काळजी घेतलेली असते. दुसऱ्या यंत्रावरचा रूट आला, की सहसा त्याचा शून्य काढून घेऊन त्याला ६५५३४ हा आकडा देतात. त्या खात्याचे नाव ‘नोबडी’. आपल्या घरचा सर्वाधिकारी शेजारच्या यंत्रात कोणीच नसतो.

आता या पहाऱ्याची मर्यादा. परवानग्यांची अंमलबजावणी चालू असलेली प्रणाली करते. सोसायटीचा वॉचमन वहीत नाव पाहून सोडतो, तशी. डिस्कला स्वतःला कुलूप नसते. नॅस बंद पडले, तर डिस्क काढून लिनक्सच्या संगणकाला जोडता येतात, आणि तिथला रूट ‘आई’चे फोल्डर सहज वाचतो. अ‍ॅडमिनचा पासवर्ड विसरला, तर सिनॉलॉजीच्या पाठीमागच्या बारीक भोकात पिन घालून सुमारे ४ सेकंद, बीप वाजेपर्यंत दाबायची. पासवर्ड मूळपदावर येतो, माहिती शाबूत राहते. ज्याच्या हातात यंत्र, त्याच्या हातात दार.

हे दार इंटरनेटवरून कोणाच्या हाती गेले, तर काय होते ते २०२१ च्या जूनमध्ये दिसले. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या जुन्या यंत्रांच्या मालकांना एके दिवशी आपली यंत्रे रिकामी झालेली आढळली. कारखान्यातून आले तसे यंत्र पुसून टाकण्याची आज्ञा देण्याआधी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी प्रोग्राममध्ये लिहिलेल्या होत्या, पण निष्क्रिय करून ठेवलेल्या होत्या. लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेले. अ‍ॅडमिनचे पान राउटरच्या बाहेर उघडे ठेवू नये, हे इतक्या आग्रहाने सांगितले जाते ते म्हणून.

रूटलाही खरोखर अडवते ते एन्क्रिप्शन. सिनॉलॉजीत फोल्डर तसे करून बंद ठेवले, की डिस्क काढा, पिन दाबा, शून्य क्रमांक घ्या. हाती फक्त अर्थहीन बाइट लागतात. किल्ली हरवली तर मालकालाही. याची एक किंमत मराठी माणसाला थोडी जास्त पडते. साध्या फोल्डरात फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंत चालते, या पद्धतीच्या एन्क्रिप्टेड फोल्डरात १४३. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे. ‘गणेशोत्सव’ हा दिसायला पाच अक्षरांचा शब्द २७ बाइट खातो. मराठीतून ऐसपैस नावे दिलेले फोटो अशा फोल्डरात हलवताना काही फाइली मागे राहतात, त्या यामुळे.

आणखी एक व्यवस्था अलीकडची. २०२३ मध्ये आलेल्या डीएसएम ७.२ या सिनॉलॉजीच्या प्रणालीत ‘एकदाच लिहा’ प्रकारचे फोल्डर करता येते. त्याचा कडक प्रकार निवडून मुदत घातली, की त्यात कुलूपबंद झालेली फाइल मुदत संपेपर्यंत बदलता येत नाही, पुसता येत नाही. ती मुदत ज्याने घातली त्या अ‍ॅडमिनलाही नाही.