एलईडीचा उजेड वाढवायचा, पण एलईडी जाळायचा नाही

मागच्या वेळी वेळ संपली आणि एक चिठ्ठी तशीच राहून गेली. चिठ्ठीतला प्रश्न असा: एलईडीला जास्त करंट दिला की उजेड वाढतो, पण मग तो लवकर उडतो, तर न उडवता उजेड वाढवता येईल का? आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हे कशाला विचारायचं, असं काहींना वाटलं असेल. पण यातला अर्धा प्रश्न आमच्याच खात्यातला आहे, बरं का. उजेड म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवायला नको का?

दिव्यातून बाहेर पडतो तो प्रकाश. तो ल्यूमेनमध्ये मोजता येतो. आपल्याला जाणवतो तो उजेड, आणि तो डोळा आणि मेंदू मिळून ठरवतात. या दोन गोष्टी एका मापाने वाढत नाहीत. हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९५७ मध्ये यावर एक प्रसिद्ध लेख लिहिला. त्यांच्या मापनाप्रमाणे जाणवणारा उजेड साधारणपणे प्रकाशाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे प्रकाश दुप्पट केला तर डोळ्याला तो सव्वापटच वाटतो. दुप्पट वाटायला हवा असेल तर प्रकाश आठपट करावा लागेल! आता करंट दुप्पट करणाऱ्याचा हिशेब मांडा. हातात येतो सव्वापट उजेड, आणि उष्णता होते दुपटीहून जास्त. सरळ घाट्याचा सौदा आहे.

दुपटीहून जास्त का, तेही बघू. एलईडीच्या स्फटिकात इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र येतात, तेव्हा प्रकाश निघतो. करंट वाढवला की तिथं गर्दी होते. मग काही भेटींतली ऊर्जा प्रकाश न होता तिसऱ्याच कणाला मिळते आणि शेवटी तिची उष्णता होते. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर लेप. ज्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, त्यातलीच ही जात, आणि गर्दीचा हा दोष याच जातीत ठळक आहे.

आता उष्णतेकडे या. आपल्या वैशेषिक दर्शनात तेज या द्रव्याचं लक्षणच मुळी उष्ण स्पर्श. ज्योत, सूर्य, जुना पिवळा बल्ब, सगळं त्यात बसतं. एलईडीनं मात्र लोकांना फसवलं. त्याच्या उजेडात हात धरा, ऊब लागत नाही. म्हणून लोक म्हणतात, हा गरम होतच नाही. अहो, होतो! फक्त त्याची उष्णता पुढून येत नाही, पाठीमागून निघते. ९ वॅटच्या घरगुती बल्बात साधारण तिसरा हिस्सा प्रकाश होतो, बाकीची उष्णताच.

दीपनगरच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्या औष्णिक केंद्रात तरी काय होतं? कोळशातल्या ऊर्जेचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भाग वीज होतो, बाकीची बहुतेक उष्णता बाहेर टाकावी लागते. ते कूलिंग टॉवर शोभेला उभे नाहीत. ते बंद ठेवून संच जास्त लोडवर चालवा असं कुणी म्हटलं, तर त्याला आपण गेटवरच अडवू. बल्बाच्या बाबतीत मात्र हेच आपण बिनधास्त करतो. बंद काचेच्या डब्यात बसवतो, आणि भुसावळचा मे महिना, पारा ४५ च्या पुढे! डब्यातली हवा आधीच तापलेली, त्यावर चिपची उष्णता. लेप हळूहळू खराब होतो, प्रकाशाचा रंग बदलतो. आणि बऱ्याचदा एलईडीच्या आधी ड्रायव्हरमधला कपॅसिटर जातो. त्याचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी केलं तर आयुष्य दुप्पट.

मग करायचं काय? चिप वाढवा, करंट वाढवू नका. एका एलईडीऐवजी दोन घ्या आणि प्रत्येकाला पाऊण करंट द्या. एकूण प्रकाश दीडपटीहून थोडा जास्तच मिळतो, आणि प्रत्येक चिप आधीपेक्षा थंड राहते. घरात एका मोठ्या बल्बापेक्षा दोन लहान बल्ब बरे, ते याच कारणानं.

चिठ्ठीत ट्रॅक्टरवरच्या दिव्याचाही उल्लेख होता. तिथं जरा थांबू, कारण एलईडी सगळ्यात जास्त तिथंच जळतात. बॅटरी १२ व्होल्टची. पांढरे ३ एलईडी एकापुढे एक जोडले, प्रत्येकी सुमारे ३ व्होल्ट, म्हणजे ९. उरले ३ व्होल्ट. २० मिलिअँपिअरसाठी १५० ओहमचा रेझिस्टर. कागदावर हिशेब चोख! पण इंजिन चालू झालं की चार्जिंगचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत जातो. आता रेझिस्टरवर ५.४ व्होल्ट, आणि करंट पस्तिशीच्या आसपास. व्होल्टेज वाढलं पाचव्या हिश्शानं, करंट मात्र जवळजवळ दुप्पट. शिवाय एलईडी तापला की त्याची व्होल्टेजची गरज थोडी कमी होते, म्हणून करंट आणखी वाढतो, म्हणून तो आणखी तापतो. हिशेब १४.४ धरूनच करा: २७० ओहम. इंजिन बंद असताना करंट ११ मिलिअँपिअरवर येईल, पण मघाचा घनमुळाचा नियम आठवा, डोळ्याला उजेड पाचव्या हिश्शानंच कमी वाटेल. खर्च करायची तयारी असेल तर करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर बसवावा. तो सगळ्यात चांगला.

काही तरुण मंडळी म्हणतात, सर, झटके देऊन चालवा; क्षणभर पाचपट करंट, मग विश्रांती, डोळा फसतो. मंडळी, झटके जलद असतील तर डोळा सरासरीच बघतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. जुन्या लाल एलईडीत थोडा फायदा व्हायचा, कारण कमी करंटवर ते फारच मंद चालायचे. आजच्या पांढऱ्यात उलट नुकसान आहे, तीच गर्दी. मंद करायला ही युक्ती उत्तम, उजळ करायला नाही.

फुकटचा उजेड हवा असेल तर तो दिव्याच्या बाहेर शोधा. आपल्या आज्या संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं घासून लख्ख करायच्या, दिवळीला आतून चुना लावायच्या. पांढऱ्या भिंतीवरून बहुतेक प्रकाश परत येतो, काळपट भिंत तो गिळते. आपल्याकडे धूळ आणि राख दोन्ही भरपूर; बल्ब बंद करून, थंड झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसला तरी फरक कळतो.

बल्ब उघडून आतले रेझिस्टर बदलायचे प्रकार मात्र नकोत. स्वस्त बल्बात आतली पट्टी थेट मेन लाइनला जोडलेली असू शकते. आत एलईडी काही व्होल्टचा असला, तरी शॉक २३० चा बसतो.

आणि रात्रीच्या पाळीला केळीला पाणी द्यायला जाणाऱ्यांसाठी. हातातली बॅटरी, म्हणजे टॉर्च, लांब झोत टाकणारी नको, पायापुढं पसरट उजेड देणारी घ्या. साप पायाजवळ असतो, दोनशे मीटरवर नाही. ती मंद खटक्यावरच ठेवा. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि प्रखर झोत एकदा डोळ्यावर आला की तो सराव गेला. मंद खटक्यावर सेल पहाटेपर्यंत टिकतो, आणि परतीच्या वाटेवरही उजेड शिल्लक असतो.