रोज दोन ओळी पुढे

संपादकांनी बजावलं होतं, ज्येष्ठांच्या युरोप सहलीवर लिही, पण माहितीपत्रक समोर ठेवून नको. त्यांच्या बसमध्ये बसून लिही. म्हणून मे महिन्यात बेचाळीस जणांबरोबर मी पॅरिसला उतरले. चौदा दिवसांची सहल. सगळ्यांत तरुण मावशी एकसष्टच्या, सगळ्यांत थोरले आजोबा ब्याऐंशीचे.

या व्यवसायाचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. केसरी पाटील यांनी १९८४ साली सहलींची कंपनी काढली, वीणा पाटील यांची ‘वीणा वर्ल्ड’ २०१३ साली आली. अशा कंपन्यांनी मराठी घरांना घोळक्यानं परदेश बघायची सवय लावली. फक्त बायकांसाठी, फक्त ज्येष्ठांसाठी अशा वेगळ्या सहलीही निघू लागल्या. परदेशात वरण-भात, सूचना मराठीत आणि ‘सहा-सात-आठ’, म्हणजे सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. हे आता घरोघरी ठाऊक आहे. माझं मन अडकलं ते टूर मॅनेजरच्या हातातल्या एका कागदात.

तो बसच्या जागांचा तक्ता होता. चार आसनांच्या बारा ओळी. रोज सकाळी डावीकडचे दोन ओळी पुढे सरकायचे, उजवीकडचे दोन ओळी मागे. पुढचं टोक गाठलं की उजवीकडे वळायचं, मागचं गाठलं की डावीकडे. आमचा बसचा प्रवास बारा दिवसांचा. तेवढ्यात चक्र पुरं होतं आणि प्रत्येक जोडी एकदा, अगदी एकदाच, पहिल्या ओळीत येते. मी वहीत मांडून पाहिलं, हिशेब चोख आहे. गुडघा दुखतो म्हणून कुणी पुढची जागा मागितली, तर पस्तिशीतला तो मॅनेजर शांतपणे म्हणायचा, “मावशी, चढायला मी हात देतो. जागा मात्र तक्त्याप्रमाणेच.” एकाला सूट दिली की बेचाळीस जणांची सहल नासते, हे तो अनुभवानं शिकला होता.

या तक्त्याची खरी करामत मला चौथ्या दिवशी उमगली. सगळेच सरकतात, त्यामुळे पुढचे-मागचे शेजारी कायम राहतात. पण मधल्या वाटेपलीकडचा चेहरा रोज बदलतो. सांगलीच्या एक काकू एकट्या आल्या होत्या. स्वतंत्र खोलीचे जादा पैसे परवडत नाहीत म्हणून त्यांनी अनोळखी बाईबरोबर खोली घेतली होती. पहिले तीन दिवस त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. चौथ्या दिवशी वाटेपलीकडे नाशिकच्या निवृत्त शिक्षिका आल्या, लाडवांचा डबा पुढे झाला आणि बोलता बोलता काकूंच्या तोंडून निघालं, “हे गेल्यापासून मी कुणाशेजारी बसून जेवलेच नाहीये हो.” त्या रात्री दोघी एका टेबलावर होत्या. पुढे काकूंची जागा रोज बदलत राहिली, जेवणाचं टेबल मात्र तेच राहिलं.

बसमधल्या एका यंत्रापुढे मॅनेजरचंही चालत नाही. चालकाच्या वेळेची नोंद ठेवणारा टॅकोग्राफ. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची. ज्येष्ठांना हा नियम वरदानच आहे. पाय मोकळे होतात, स्वच्छतागृह गाठता येतं.

नवव्या दिवशी स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख. उंची ३,४५४ मीटर, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. वरचं रेल्वे स्टेशन १९१२ सालचं, वाट बोगद्यातून. उतरल्यावर सगळे सावकाश चालत होते. एवढ्यात एक काका भिंतीला टेकले. अंगाला दरदरून घाम, बोलणं अडखळत. मॅनेजरनं मोबाइलवर त्यांचा फॉर्म उघडला. आजारांच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘काही नाही’. तेवढ्यात नाशिकच्या बाई ओरडल्या, “अहो, ते इन्सुलिन घेतात! परवा बसमध्ये माझ्या बाजूला होते, तेव्हाच बोलले.” साखरेच्या पुड्या पाण्यात घालून पाजल्या. काही मिनिटांत काका सावरले.

फॉर्म मुलानं भरला होता. आजार लिहिला तर बाबांना नेणार नाहीत, अशी त्याची भीती. मॅनेजर म्हणाला, प्रत्येक सहलीत असे दोन-तीन फॉर्म निघतातच. मला त्या मुलाचा राग आला नाही, पण काळजी वाटली, अजूनही वाटते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो सगळे काढतात. पण आधीचा आजार दडवला, तर विमा कंपनी ऐन वेळी दावा नाकारू शकते. परक्या देशातल्या रुग्णालयाचं बिल मग घरच्यांवर. बस तर थांबू शकत नाही. चाळीस जणांची हॉटेलं ठरलेली असतात. आजारी माणूस आणि त्याची बायको एखाद्या गावात मागे राहतात, भाषा न समजता. चाकाच्या खुर्चीचंही तेच. युरोपच्या विमानतळांवर ती फुकट मिळते, पण ४८ तास आधी कळवायला हवं. लाजेपायी कुणी कळवत नाही आणि मग लांबच लांब वाटा दुखऱ्या गुडघ्यांनी तुडवाव्या लागतात.

काकांना दरवेळी बाजूला नाशिकच्या बाई लाभतीलच असं नाही. आई-बाबांना यंदा परदेशी पाठवत असाल, तर एवढं करा: फॉर्म त्यांच्या शेजारी बसून भरा, औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या आणि आजारांच्या रकान्यात खरं तेच लिहा.