भिंतींच्या भेगा कशानें बुजवाव्या?

पावसाळा सरला म्हणजे सुगीपूर्वीं धान्याच्या खोलीची डागडुजी करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. भेग दिसली कीं सिमेंटचा गोळा दाबून मोकळें होण्याचा प्रघात आतां फार पडला आहे. परंतु मातीच्या भिंतीस सिमेंट हें औषध नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मातीची भिंत ओल शोषते व हवेंत सोडते. सिमेंट कठीण व ओल कोंडणारें. त्याच्या पाठीमागें माती भुसभुशीत होते, लोणा धरतो, आणि कांहीं पावसाळ्यांत ठिगळ खपलीसारखें सुटतें. मागें राहिलेल्या पोकळींत उंदीर शिरतात व भिंतीशीं लावलेल्या पोत्यांस ओल लागून धान्य बुरसतें. भरणाचा माल भिंतीहून कठीण नसावा, हें ध्यानांत ठेविलें कीं निवड सोपी होते.

मातीच्या भिंतीस मातीच योग्य. काळी माती मात्र घेऊं नये. ती भिजली कीं फुगते व वाळली कीं आटून तडकते. गांवठाणची पांढरी किंवा पिंवळी चिकण माती चाळून, तींत बारीक भुसा व थोडें शेण मिसळून, आठवडाभर भिजवून तुडवावी. प्रथम तळहाताएवढी वडी सावलींत वाळवून पाहावी. तडकली तर वाळू वाढवावी. बोटानें चुरली तर चिकण माती. गवंड्यास इतका धीर नसतो, म्हणून ही परीक्षा मालकानें स्वतः करावी. भेग खरवडून, पाणी शिंपडून, माल थराथरानें भरावा.

चुन्यांतील वीटबांधणीस विरलेला चुना एक भाग व स्वच्छ वाळू तीन भाग घ्यावी. चुना हवेंतील कर्बवायु घेऊन सावकाश घट्ट होतो, म्हणून भरण कांहीं दिवस ओलसर ठेवावें. सिमेंटांतील भिंतीस सिमेंट चालेल. प्लास्टर ऑफ पॅरिस मिनिटांत धरतें, पण ओलीनें मऊ पडतें. तें कोरड्या दिवाणखान्यापुरतेंच.

तिरपी, आरपार व वाढत जाणारी भेग मात्र बुजवूं नये. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारों माणसें दगावलीं. अशा भिंतींची कमजोरी लिंपून झांकणें घातक आहे. भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून तिजवर तारीख घालावी (दप्तरांत जन्म गेलेल्यांस तारखेवांचून कांहींच खरें वाटत नाहीं). पट्टी फाटली तर पाया हालत आहे असें समजून, भरणाचा माल आणण्याआधीं जाणत्या इंजिनियरास बोलवावें, व तोंवर त्या भिंतीलगत कोणाचें अंथरूण घालूं नये.