गॉगल दोनशेचा, भरपाई साडेपाच लाखांची!

फॅब्रिकेशनचं युनिट टाकताय? मशीन, भाडं, लाइट बिल, सगळं धरलंत. आता हाही हिशोब करा.

समजा, कारागीर 30 वर्षांचा, पगार 15,000. ग्राइंडिंग करताना लोखंडाचा कण उडाला आणि एका डोळ्याची नजर कायमची गेली. नुकसानभरपाईच्या कायदेशीर तक्त्यात हे 30 टक्के. पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले त्या वयाचा आकडा 207.98, त्याचे 30 टक्के. झाले 5,61,546 रुपये! ईएसआयसी लागू नसेल तर हे मालकाच्या खिशातून. म्हणून एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन विमा पहिल्या माणसापासून घ्या.

"सांगूनही गॉगल घालत नाहीत हो!" मग नियम एकच: गॉगल नाही, तर ग्राइंडर बंद.

तरीही कण रुतला, तर चोळू नका, स्वतः काढू नका. डोळ्यावर दाब न देता झाकून थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. केमिकल उडालं, तर आधी 15 मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. अपघात लपवू नका, लगेच नोंद करा.

भरपाईने घर चालेल, पण नजर परत येत नाही. आज शेडमध्ये गेलात की मोजा: माणसं किती, गॉगल किती?