पहिली स्पोर्ट मोटारसायकल निवडताना



उसाचे बिल खात्यावर जमा झाले, किंवा एखाद्या साली कांद्याला बरा भाव मिळाला, की आपल्याकडे घरोघर एक जुनाच वाद नव्याने सुरू होतो. मुलाला अठरावे संपलेले असते. त्याला पुढे वाकून चालवायची, अंगावर रंगीत कव्हर असलेली, तरणी पोरे जिला ‘रेसिंगची गाडी’ म्हणतात ती मोटारसायकल हवी असते. वडील म्हणतात, ‘अरे, ॲव्हरेज देणारी साधी गाडी घे, दुधाचा कॅन तरी लावता येईल.’ आई काही बोलत नाही, तिचा जीव आतल्या आत गोळा झालेला असतो. आणि मग कुणीतरी म्हणते, गुरुजींना विचारू या.

गुरुजींनी काय सांगावे? ‘मुळीच घेऊ नका’ हे उत्तर सोपे आहे, पण ते फारसे ऐकले जात नाही. पोरगा रुसतो, आणि दोन महिन्यांनी मित्राची गाडी मागून, शिकल्याशिवाय, डोक्याला काही न घालता पळवतो. त्यापेक्षा गाडी घ्यायचीच असेल तर पहिली कोणती घ्यावी, हे समजून घेतलेले बरे. हौस वाईट नाही. जुन्या मंडळींना आठवत असेल, १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० ही त्या पिढीची अशीच हौस होती. तिची ताकद होती सुमारे ११ अश्वशक्ती, आणि ब्रेक दोन्ही चाकांना ड्रमचे.

तो आकडा ध्यानात ठेवा, कारण पुढचे सारे त्यावरच आहे. आज आपल्या गावोगाव दिसणारी हीरोची स्प्लेंडर सुमारे ८ अश्वशक्तीची आणि ११२ किलोंची आहे. १५५ सीसीची यामाहा आर-१५ सुमारे १८ अश्वशक्तीची आणि १४२ किलोंच्या आसपास. आणि २०१४ साली आपल्या पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातून निघू लागलेली केटीएम आरसी ३९० ही ३७३ सीसीची गाडी तब्बल ४३ अश्वशक्तीची. म्हणजे ज्या पोराने आजवर वडिलांची स्प्लेंडर चालवली, तो एका उडीत पाचपट ताकदीवर जाऊन बसतो. आणि आपल्याकडे त्याला तसे करण्यापासून कोणी अडवत नाही. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकदा मिळाला, की शंभर सीसी चालवा नाहीतर हजार सीसी, परवाना तोच.

इंग्लंडात तसे नाही. तिथे सतराव्या वर्षी १२५ सीसीपर्यंतची, फार तर १५ अश्वशक्तीची गाडी चालवता येते. एकोणिसाव्या वर्षी, वेगळी परीक्षा देऊन, सुमारे ४७ अश्वशक्तीपर्यंतची. आणि हवी ती मोठी गाडी थेट चोविसाव्या वर्षी, किंवा मधला परवाना दोन वर्षे हातात असेल तर एकविसाव्या. आपल्या कायद्याने अशा पायऱ्या बांधलेल्या नाहीत. म्हणून त्या घरानेच बांधाव्या लागतात, आणि पहिली पायरी कोणती असावी हे ठरवणे म्हणजेच पहिली गाडी निवडणे.

आता कोणी विचारील, ताकद जास्त असली म्हणून काय झाले? मूठ पिळणे आपल्याच हातात आहे, हळू चालवू. हा युक्तिवाद वरवर पटतो. पण नवशिक्याचा हात अजून त्याच्या हुकमात नसतो, तिथे तो फसतो. असे पाहा. रस्त्यात खड्डा आला, गाडीने धक्का खाल्ला, की अंग मागे जाते. मुठीला धरलेला उजवा हात अंगाबरोबर मागे ओढला जातो, आणि मूठ आपोआप पिळली जाते. गाडी पुढे उसळते, अंग आणखी मागे जाते, मूठ आणखी पिळली जाते. स्प्लेंडरवर असे झाले तर इंजिन नुसते घरघरते आणि चालवणारा सावरतो. ४३ अश्वशक्तीच्या गाडीवर तोवर गाडी समोरच्या ट्रॉलीखाली गेलेली असते. अनुभवी माणूस अशा वेळी मनगट खाली ठेवतो आणि गुडघ्यांनी टाकी आवळून धरतो. हे शिकवून समजते, पण अंगवळणी पडायला एक-दोन वर्षे जातात. तेवढी वर्षे हातात अशी गाडी असावी, जी चूक झाली तरी ती पोटात घालील.

लहान इंजिनाच्या स्पोर्ट गाडीत तो गुण असतो. आर-१५ ची पूर्ण ताकद इंजिनाच्या मिनिटाला १०,००० फेऱ्या झाल्यावर येते. तिच्या २०१८ नंतरच्या इंजिनात झडपा उघडणारे कॅम दोन तऱ्हेचे आहेत. सुमारे ७,४०० फेऱ्यांपर्यंत एक काम करतो, त्यापुढे दुसरा. गावातून, बाजारातून जाताना इंजिन तेवढे फिरतच नाही, म्हणून गाडी तिथे गरीब गाईसारखी वागते. ज्याला तिची धाव पाहायची आहे त्याला मुद्दाम, जाणूनबुजून, गिअर धरून ठेवून तिथवर जावे लागते. मोठ्या एका सिलिंडरच्या इंजिनात ही मेहनत लागत नाही. तिथे खालच्या फेऱ्यांतच जोराचा ओढा येतो.

म्हणून माझे मत विचाराल तर पहिली स्पोर्ट मोटारसायकल १५० ते २०० सीसीच्या आतबाहेरची असावी. सुझुकी जिक्सर एसएफ ही १५५ सीसीची गाडी सुमारे साडेतेरा अश्वशक्तीची आहे आणि तिची बैठक पुष्कळशी सरळ आहे. आर-१५ ताकदीने थोडी वर आणि बैठकीने अधिक वाकलेली. बजाजची पल्सर आरएस २०० आणि केटीएमची आरसी २०० यांच्या २४–२५ अश्वशक्ती. ज्याने तीन-चार वर्षे साधी गाडी रोज चालवली आहे, त्याने फार तर इथवर यावे. त्यापुढची गाडी दुसरी म्हणून घ्यावी, पहिली म्हणून नव्हे.

सीसीचा आकडा झाला, आता माणूस आणि गाडी यांचा मेळ बसतो का ते पाहू. त्यासाठी शोरूममध्ये पोराला गाडीवर बसवा आणि तुम्ही दोन पावले लांब उभे राहा. स्पोर्ट गाडीची सीट उंच असते. आर-१५ ची जमिनीपासून ८१५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३२ इंच. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का? एक पाय टेकवून गाडी डावी-उजवीकडे थोडी कलवली तर तोल राहतो का? नवशिक्याची गाडी बहुतेक वेळा वेगात पडत नाही, उभ्याउभ्या पडते. उतारावर, वाळूत, अरुंद बोळात वळवताना. आणि या गाड्यांचा हँडल थोडाच वळतो, त्यामुळे साध्या गाडीला जिथे एका दमात वळता येते तिथे हिला पुढे-मागे करावे लागते. पडली, की पहिला मार त्या रंगीत कव्हराला, म्हणजे फेअरिंगला. ते साधे प्लॅस्टिक दिसते, पण बदलायचे म्हटले की खिसा रिकामा होतो. म्हणून फेअरिंगच्या एका भागाची किंमत आधीच विचारून ठेवा. गाडी घेण्याचा विचार तेवढ्यानेच पुष्कळदा भानावर येतो.

कंबर, मान आणि मनगटे यांचाही विचार करा. हँडल खाली आणि पायटे मागे, अशी या गाड्यांची ठेवण वेगात वारा चिरण्यासाठी केलेली असते. ताशी तीस-चाळीसने तालुक्याला जाताना तो वारा अंगाला आधार देत नाही, आणि सगळा भार मनगटांवर येतो. शिवाय मागची सीट टिचभर आणि उंच. आजारी आईला दवाखान्यात न्यायचे असेल, तिने साडी नेसलेली असेल, तर ती त्या सीटवर चढणार कशी आणि धरणार काय? घरात दुसरे वाहन नसेल तर ही अडचण सीसीपेक्षा मोठी आहे. त्यावर तोड आहे. काही स्पोर्ट गाड्यांना सख्खी भावंडे असतात. इंजिन जवळपास तेच, पण हँडल सरळ आणि अंगावर फेअरिंग नाही. आर-१५ चे भावंड २०१९ साली आलेली एमटी-१५, आरसीचे भावंड ड्यूक. पडल्यावर खर्च कमी, बसायला सोपी, आणि शिकायला तर अधिकच चांगली. पोरगा आधी नाक मुरडतो हे खरे.

आता ब्रेकविषयी, कारण इथे आपल्याकडे एक भलता समज घट्ट रुजलेला आहे. ‘पुढचा ब्रेक लावू नको, गाडी उलटेल,’ असे बाप लेकाला सांगतो, आणि त्याच्या बापाने त्याला सांगितलेले असते. एसटीत उभे असताना ड्रायव्हरने ब्रेक दाबला तर आपण कुठे जातो? पुढे. गाडीचेही तसेच होते. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, ते जमिनीला घट्ट धरते, आणि मागचे हलके होऊन घसरू पाहते. म्हणून गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नाही एवढेच. गाईची धार काढताना आचळ जसे हळू धरून मग दाब वाढवत नेतात, तसा तो ब्रेक दाबायचा. शिकवणाऱ्या गुरुजींना विज्ञानाच्या तासाला हा दाखला उपयोगी पडेल.

आणि याच तासाला हेही गणित घालता येईल. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. समोर काही दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरू. मग कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, तरी ४० च्या वेगात थांबायला एकूण साधारण २१ मीटर लागतात आणि ८० च्या वेगात ६३. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. ऊस तोडणीच्या दिवसांत मागे दिवा नसलेली ट्रॉली रात्री किती मीटरवरून दिसते, याचा अंदाज ऐकणाऱ्यांनी आपापल्या रस्त्यावर घ्यावा.

घाबरून ब्रेक कचकन दाबला तर चाक जाम होते आणि गाडी घसरते. ते टाळण्यासाठी एबीएस नावाची व्यवस्था असते. चाक थांबू लागले की ती ब्रेकचा दाब क्षणात सोडते, पुन्हा धरते, असे सेकंदात अनेकदा. १ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या मोटारसायकलला एबीएस सक्तीचे झाले. पण त्यात दोन प्रकार आहेत. एकेरीत ते फक्त पुढच्या चाकाला असते, दुहेरीत दोन्ही चाकांना. पैसे थोडे जास्त पडले तरी नवशिक्यासाठी दुहेरी घ्यावे. रंग आणि स्टिकर यांवर खर्च करायला माणूस तयार होतो, मग इथेच हात का आखडावा?

हेल्मेट हे गाडीच्या किंमतीतच धरा, वेगळे नाही. आयएस ४१५१ ही खूण आणि आयएसआय शिक्का असलेले, हनुवटीसकट पूर्ण तोंड झाकणारे, एक पोरासाठी आणि एक मागे बसणाऱ्यासाठी. पट्टा लावून डोके हलवले तर हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे, डोक्याभोवती फिरता कामा नये. एकदा जोराचा आपट खाल्लेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतला थर दबलेला असतो, ते टाकून द्यावे.

जुनी गाडी घ्यायची झाल्यास २०१९ च्या आधीची असेल तर तिला एबीएस आहे का ते आधी पाहा. मग ब्रेक-क्लचच्या दांड्यांची टोके, पायटे आणि सायलेन्सर यांवर घासल्याच्या खुणा शोधा. नवे कोरे फेअरिंग आणि खाली घासलेला पायटा, म्हणजे गाडी पडून झाली आहे. हँडल एका बाजूला धरावा लागतो का, हे सरळ रस्त्यावर पंधरा मिनिटांत कळते. आपल्या ओळखीचा फिटर बरोबर न्या. आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तो उतरल्याचा कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि मुलगा अठराचा झालेला नसेल तर हा सगळा विचार पुढे ढकलावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. अकरावी-बारावीच्या वर्गाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहणाऱ्या शिक्षकांनी हा आकडा पालकसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.

शोरूममधून नवी गाडी आणण्याच्या दिवशी पेढे, हार, नारळ सगळे होते. त्या गडबडीत एक गोष्ट कुणी सांगत नाही. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, तो झिजेपर्यंत पहिले शे-दीडशे किलोमीटर त्याची पकड कमी असते. म्हणून घरी येताना वळणावर गाडी कलवू नये, कचकन ब्रेक लावू नये. पुढचे काही दिवस बाजार नसेल तेव्हा बाजारतळावर जावे, विटेचे तुकडे मांडून त्यांच्यामधून चालत्या माणसाच्या वेगाने गाडी काढावी, आणि तिथेच ताशी वीस, मग तीस वरून पुढचा ब्रेक हळू दाबत थांबण्याचा सराव करावा. वडिलांनी थोडा वेळ बाजूला उभे राहून पाहायला हरकत नाही.