अशिलाचे गुपित आणि वकिलाची सनद

तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढणारा आपला माणूस वकिलापुढे सारे काही उघडे करतो. जमिनीचा कागद कुणाकडे अडकला आहे, फिर्याद द्यायला उशीर का झाला, कोणता साक्षीदार दडपणाखाली आहे, हे त्याला सांगावेच लागते. पण तालुक्याचे गाव लहान. ज्यांच्याविरुद्ध दावा लावायचा, त्यांच्यातच वकिलाची ऊठबस असू शकते. सांगितलेले फुटले तर साक्षीदार फिरतो, माणूस गावात उघडा पडतो. ही भीती खोटी नाही. तिच्यावर कायद्याने काय उत्तर दिले आहे, हे कार्यकर्त्यांनी जाणून घेतले पाहिजे.

हे गुपित वकिलाचे नाही, अशिलाचे आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ ने हे तत्त्व मांडले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३२ मध्ये आले. अशिलाने कामासाठी सांगितलेली गोष्ट, दाखवलेला कागद किंवा वकिलाने दिलेला सल्ला अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून उघड करता येत नाही. खटला संपला, वकील बदलला, तरी हे बंधन सुटत नाही. ते वकिलाच्या कारकुनाला आणि दुभाष्यालाही आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्या वकिलावरही हेच बंधन आहे. फी घेतली नाही म्हणून गुपित स्वस्त होत नाही.

अपवाद दोन आहेत. बेकायदेशीर हेतू तडीस नेण्यासाठी सांगितलेल्या गोष्टीला संरक्षण नाही. तसेच काम हाती घेतल्यानंतर अशिलाने गुन्हा किंवा फसवणूक केल्याचे वकिलाला दिसले, तर त्यालाही नाही. घडून गेलेल्या गोष्टीची बचावासाठी दिलेली कबुली मात्र सुरक्षित राहते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनाही बजावले, की अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स धाडता येणार नाही. अपवादात बसत असेल तर कारण नमूद करून आणि पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची लेखी संमती घेऊनच ते काढावे.

येथे कार्यकर्त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. अत्याचारपीडिताला सामाजिक कार्यकर्त्याची मदत घेण्याचा हक्क अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ ने दिला आहे. पण वकिलाचे संरक्षण कार्यकर्त्याला नाही. त्याला साक्षीला बोलावून विचारता येते. सरकारी वकीलही शासनाचा असतो, पीडिताचा नव्हे. म्हणून नाजूक बोलणे पीडिताने स्वतःच्या वकिलाशी स्वतःच करावे. आपण सोबत जावे, पण त्याच्या वतीने बोलत बसू नये.

आता वकिलानेच विश्वास मोडला तर? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी गुप्तता मोडण्यास मनाई केली आहे, आणि एका पक्षाला दाव्यात सल्ला देऊन त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाकडून उभे राहण्यासही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ नुसार आपल्याकडे तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे लेखी करावी लागते. तथ्य वाटल्यास ती तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीपुढे जाते. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते, किंवा वकिलाचे नाव पटावरून कायमचे काढू शकते. एका वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. राज्याच्या समितीच्या निकालावर साठ दिवसांत तिथे अपील करता येते. त्यापुढे सर्वोच्च न्यायालय. ग्राहक मंचाचे दार मात्र २०२४ च्या निकालाने बंद झाले आहे.

समितीवर बसणारे वकीलच असतात, हे खरे. वकिलाविरुद्ध वकिलांपुढे जाताना गरिबाचे पाय लटपटतात. म्हणूनच कागद हवा. वकीलपत्राची प्रत, फीची पावती, भेटींच्या तारखा, दिलेल्या दस्तऐवजांची यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी. चहाच्या टपरीवर फुटलेली गोष्ट सिद्ध करणे कठीण. विरुद्ध बाजूने दाखल झालेले वकीलपत्र मात्र स्वतःच बोलते. ज्याच्याकडे जमीन नाही, सत्ता नाही, त्याच्याकडे खटल्यात आपली खरी हकीगत एवढेच भांडवल असते. ते कुणाच्या हाती दिले आणि परत कसे मागायचे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. ते सांगणे आपले काम आहे.